जुना रेशमी गाऊन वाचायचा कसा? मूळ शिवण आणि नंतरची फेरशिवण ओळखण्यासाठी मार्गदर्शक

संग्रहालयात काचेआड उभा असलेला १८ व्या शतकातला फुलाफुलांचा रेशमी गाऊन पाहिला की नजर आधी कापडावर जाते. ते साहजिकच आहे, कारण कापड देखणंच असतं. पण अशा गाऊनचं कापड १७४५ चं, अंगावरची शिवण १७८० ची आणि पाठीवरचे हुक १८४५ चे, असं अनेकदा आढळतं. एकाच वस्त्रात तीन पिढ्यांचे हात असतात. ते हात वेगळे ओळखायचे कसे, हे इथे क्रमाने सांगतो. फॅशन डिझाइन शिकणारे, नाटकाची वेशभूषा करणारे, संग्रहालयशास्त्राचे विद्यार्थी, किंवा नुसती जुन्या कपड्यांची ओढ असलेले वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. शिवणकामाची जुजबी माहिती पुरेशी आहे.

विषय फार मोठा आहे, म्हणून एकाच प्रकाराला धरून चालू: इंग्लंडमधला सॅक-बॅक गाऊन. याच्या पाठीवर मानेपासून रुंद दुहेरी चुण्या सुटतात आणि कुठेही न अडकता जमिनीपर्यंत उतरतात. १७४० ते १७७० या काळात हा फार चालला, आणि पुढे सर्वांत जास्त उसवला गेलाही हाच, कारण त्यात कापड भरपूर असतं.

आधी कापडाचा हिशेब समजून घ्या

हा हिशेब डोक्यात पक्का बसला की पुढची निम्मी कोडी आपोआप सुटतात.

लंडनच्या पूर्वेला स्पिटलफील्ड्स नावाचा भाग आहे. फ्रान्सच्या राजाने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांना दिलेलं संरक्षण काढून घेतलं, तेव्हा तिथून परागंदा झालेले ह्यूगनॉट (म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट) विणकर मोठ्या संख्येने इथे आले, आणि स्पिटलफील्ड्स हे इंग्रजी रेशमाचं केंद्र झालं. १७०१ पासून इंग्लंडमध्ये हिंदुस्थान, इराण आणि चीनमधलं विणलेलं रेशीम अंगावर घालायला कायद्याने बंदी होती. कच्च्या रेशमाला मात्र बंदी नव्हती. इटलीच्या जोडीने बंगालचं कच्चं रेशीमही ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून या मागांपर्यंत पोचत होतं.

इथल्या नक्षीकारांत अ‍ॅना मारिया गार्थवेट (१६८८–१७६३) हिचं नाव पहिलं घ्यावं लागतं. एका पाद्र्याची ही मुलगी चाळिशीच्या आसपास स्पिटलफील्ड्सला आली आणि तिथे तिने शेकडो नक्ष्या काढल्या. त्यांतल्या कितीतरी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. अनेक कागदांवर तिने वर्ष आणि नक्षी घेणाऱ्याचं नावही लिहिलं आहे. म्हणून एखाद्या गाऊनच्या कापडावरची नक्षी तिच्या कागदाशी जुळली, तर ते कापड कोणत्या वर्षी मागावर चढलं हे जवळपास नेमकं सांगता येतं. कापडाच्या इतिहासात असं भाग्य क्वचितच लाभतं.

या रेशमाचा पन्हा अरुंद असायचा, साधारण १९ ते २१ इंच. सॅक आणि त्याखालचा जोडीचा पेटीकोट (आतला कपडा नव्हे, गाऊनच्या उघड्या समोरून दिसणारा घागरा) यांना मिळून १५ ते २० यार्ड कापड लागायचं. नक्षीदार रेशमाची किंमत अनेक पौंडांत जायची, तर शिलाईची मजुरी काही शिलिंगांत भागायची. म्हणजे कापड महाग आणि हात स्वस्त, नेमकं आजच्या उलट.

त्यामुळे शिवणारी बाई कापडाला शक्य तितकी कमी कात्री लावायची. जादा कापड कापून टाकण्याऐवजी चुण्यांत आणि घड्यांत मुरवायचं, माया भरपूर ठेवायची, घेराच्या लांब शिवणी मोठ्या टाक्यांनी घ्यायच्या, म्हणजे उद्या उसवायला सोप्या. फेरशिवण हा या गाऊनवर पुढे ओढवलेला प्रसंग नव्हता. ती शक्यता पहिल्या टाक्यापासूनच धरलेली होती, आणि तपासताना आपण तिचाच माग काढायचा आहे.

पहिली पायरी: तयारी

संग्रहालयात वस्तू जवळून पाहायची परवानगी मिळाली असेल तर तिथले नियम सर्वांत आधी. साधारणपणे हात स्वच्छ आणि कोरडे हवेत, क्रीम लावलेलं नको, अंगठ्या, बांगड्या आणि लांब साखळी काढून ठेवलेली हवी. जवळ फक्त शिसपेन्सिल ठेवा, पेन नको. कापडी किंवा प्लॅस्टिकची मोजपट्टी, धागे मोजायचं भिंग आणि छोटा एलईडी टॉर्च घ्या. गाऊन उचलायचा झाला तर खांद्याला धरून उचलू नका. खालून दोन्ही हातांचा आधार द्या, किंवा तो तिथल्या माणसांनाच हलवू द्या.

टॉर्च वरून न मारता बाजूने, कापडाला जवळपास समांतर धरा. जुन्या घड्या आणि सुईची रिकामी भोकं अशा तिरप्या उजेडात उठून दिसतात. मात्र उजेड रेशमाचं नुकसान करतो, प्रदर्शनातही तो ५० लक्सच्या आसपासच ठेवतात. म्हणून पाहून झालं की लगेच विझवा.

प्रत्यक्ष वस्तूपर्यंत पोचता येत नसेल तरी अडत नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या ऑनलाइन सूचीत मोठे, स्वच्छ फोटो आहेत. तिथे तारखांचा रकाना नीट वाचा. कित्येक गाऊनपुढे विणकामाचं वर्ष वेगळं आणि शिवणीचं वर्ष वेगळं दिलेलं असतं. नवख्याने अशाच नोंदी निवडून सुरुवात करावी, कारण उत्तर आधीच माहीत असलं की पुरावा शोधायला डोळा तयार होतो. लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी याच संग्रहालयाचं ईस्ट स्टोअरहाउस २०२५ मध्ये उघडलं आहे. तिथे आधी नोंदणी करून वस्तू पाहायला मागवता येतात.

दुसरी पायरी: पन्हा आणि नक्षी

घेरात दोन काठांमधलं अंतर मोजा. काठ म्हणजे मागावरची विणलेली कडा, कापलेली नव्हे. १९ ते २१ इंच भरलं तर कापड या काळातलं असण्याला आधार मिळतो. मग पूर्ण पन्हे किती आणि अर्धे किती, ते मोजून लिहा.

नक्षीवरून काळाचा ढोबळ अंदाज येतो. १७३० च्या दशकात फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या ज्याँ रव्हेल या नक्षीकाराशी जोडल्या गेलेल्या पद्धतीने, दोन रंगांचे धागे एकमेकांत घुसवून छटा आणलेली, मोठी गरगरीत फुलंफळं दिसतात. १७४० च्या दशकात इंग्रजी नक्षी मोकळी होते: पांढरट जमिनीवर सुटी, ओळखू येतील अशी खरीखुरी फुलं. पुढे नागमोडी वेल येतात, १७७० नंतर फुलं बारीक होतात, पट्टे वाढतात आणि साधं चमकदार रेशीमही चालू लागतं.

आता गाऊनची घडण पाहा. कापड १७४५ चं आणि घडण १७८० ची दिसत असेल, तर दोनच शक्यता उरतात: जपून ठेवलेला तागा उशिरा शिवला, किंवा जुना गाऊन उसवून नवा केला. यातलं खरं काय, ते आत डोकावल्यावर कळतं.

तिसरी पायरी: आतून पाहा, बाहेरून नंतर

सॅकचं सगळं रहस्य अस्तरात आहे. आधी जाड लिननचं अस्तर अंगाबरोबर बेतलं जायचं, तेही आत घट्ट कॉर्सेट घातलेल्या अंगावर. कमरेवरचा भाग या अस्तरावरच उभा राहतो. रेशीम त्यावर पसरून, चुण्या घालून, वरून टाके घालून बसवलेलं असतं. म्हणजे मूळ गाऊनमध्ये मापाचं काम अस्तर करतं आणि रेशीम त्यावर आरामात पडून राहतं.

सॅकच्या अस्तरात पाठीच्या मधोमध उभी फट असते आणि दोन्ही बाजूंना नाडीची भोकं. नाडी ओढून माप कमीजास्त करायचं आणि वरून चुण्यांनी ते झाकून टाकायचं. अशी फट शिवून बंद केलेली दिसली, किंवा नाडीची भोकं आहेत पण वर चुण्याच नाहीत असं दिसलं, तर हा गाऊन एके काळी सॅक होता हे जवळपास नक्की.

बाहीकडे विशेष लक्ष द्या. आज आपण बाही मुंढ्यात एका शिवणीत गोल फिरवून बसवतो. तेव्हा तसं नव्हतं. काखेकडचा भाग आधी शिवायचा. वरच्या बाजूला चुण्या घालून बाही अस्तराच्या खांद्यावर टाकायची, आणि तिच्यावरून रेशमाची खांदेपट्टी झाकून वरून टाके घालायचे. ही रचना शाबूत असेल तर खांदा मूळचा समजायला हरकत नाही. खांद्याची शिवण आजच्यासारखी आतून बंद असेल तर तिथे नंतर हात लागलेला आहे.

टाकेही बोलतात. धावदोरा, उलटी टीप, कडेचा तिरपा टाका आणि घेराला मोठे टाके, हे सगळं एकाच गाऊनमध्ये सापडणं स्वाभाविक आहे. ताण पडेल तिथे बारीक टाका आणि पडणार नाही तिथे मोठा, इतकं साधं गणित. मोठे टाके पाहून काम हलकं होतं असं मात्र समजू नका.

चौथी पायरी: फेरशिवणीच्या खुणा

रेशीम, त्यातही तलम टाफेटा, सुईचं भोक सहसा विसरत नाही, आणि पक्की बसलेली घडीही विसरत नाही. याचा अनुभव घरी घेता येतो. टाफेट्याच्या तुकड्यावर दोन ओळी शिवा, दाबून घड्या घाला, मग सगळं उसवा आणि बाजूने उजेड टाका. आजीच्या शालूतून शिवलेला परकर-पोलका घरात असेल तर तो त्याहून चांगला धडा आहे: साडीचा काठ कुठे गेला, पदर कुठे वापरला, पोरगी उंच झाल्यावर खालची दुमड कधी सोडली, हे सगळं त्यावर शोधता येतं.

गाऊनवर काय शोधायचं ते आता काळाच्या क्रमाने पाहू.

१७७० नंतर अंगाबरोबर बसणारी पाठ आवडू लागली. तेव्हा सॅकच्या मोकळ्या चुण्या अरुंद करून कमरेपर्यंत अस्तराला शिवून टाकल्या गेल्या. अशा पाठीवर सध्याच्या चुण्यांच्या बाजूला जुन्या, रुंद चुण्यांच्या घड्या समांतर दिसतात. इतकी वर्षं घडीच्या आत राहिलेली पट्टी उरलेल्या कापडापेक्षा गडद रंगाचीही असू शकते.

समोरची बाजू तर आणखी बोलकी. मूळ सॅक समोरून उघडा असे. मधल्या जागेत स्टमकर नावाचा त्रिकोणी तुकडा टाचण्यांनी बसवायचा आणि गाऊनच्या दोन्ही कडा रुंद पट्टीसारख्या दुमडलेल्या असायच्या. १७८० च्या सुमारास समोर बंद होणारे गाऊन आले, तेव्हा या दुमडलेल्या पट्ट्या उलगडून मध्यावर आणल्या गेल्या. छातीवर दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर वरून खाली उतरणारी घडीची रेघ दिसली, तर तीच ती दुमड. कापड कमी पडलं तर जोड कुठून आणला? बहुधा पेटीकोटमधून. जोडीचे पेटीकोट आज इतके कमी उरले आहेत त्याचं हे मोठं कारण आहे: कापडाची गरज लागली की पहिला बळी त्यांचाच जायचा.

कमरेच्या आत बोट न घालता फक्त डोकावून पाहा. रुंद हूपवर (घेर बाजूंना फुगवण्यासाठी आत घालायच्या सांगाड्यावर) बसणाऱ्या घेराला बाजूंना जास्त लांबी लागायची. ही उंची तेव्हा खालच्या कडेला नव्हे, कमरेला जुळवत. हूपची फॅशन मागे पडल्यावर बाजूंची ही लांबी फाजील झाली. ती कापायची कशाला? कमरेत आत दुमडून ठेवली. कुशीकडे कमरेत कापडाची अशी जाड दुमड सापडली, तर हा घेर कधीतरी हूपवर पसरलेला होता. मला स्वतःला या सगळ्या खुणांत ही सर्वांत आवडते, कारण तिच्यात शिवणारीचा काटकसरी विचार सरळ समोर येतो.

मग मोठी उडी १८४० च्या दशकाची. मोठ्या फुलांचं जुनं रेशीम पुन्हा आवडू लागलं आणि पेट्यांतून आज्यांचे गाऊन बाहेर निघाले. ६ जून १८४५ रोजी राणी व्हिक्टोरियाने वेशभूषेचा नाच ठेवला, त्यात पाहुण्यांनी १७४० ते १७५० च्या काळातला पोशाख करून यायचं होतं. स्पिटलफील्ड्सच्या विणकरांना काम मिळावं हाही त्यामागचा हेतू होता. या काळातली फेरशिवण ओळखणं तुलनेने सोपं आहे. छातीवर टक्स येतात; त्याआधी गाऊनचा कमरेवरचा भाग शंकूसारखा सरळ असे आणि त्याला बहुधा टक्स नसत. पाठीवर हुक आणि ते अडकवायच्या कड्या येतात, अस्तर सुती होतं, आणि कमरेशी सपाट चुण्यांऐवजी बारीक समांतर धावदोरे ओढून घेर गोळा केलेला दिसतो. ही शेवटची खूण पक्की लक्षात ठेवा. सपाट चुण्या १८ व्या शतकाच्या, ओढलेल्या बारीक चुण्या १८४० च्या आसपासच्या.

शिलाईयंत्राचे टाके दिसले तर त्या शिवणीपुरता प्रश्नच मिटला. सिंगरचं पेटंट १८५१ चं, आणि घराघरात यंत्र पोचायला आणखी दशकभर तरी गेलं. सुती शिवणदोराही १९ व्या शतकातच रूढ झाला, त्याआधी रेशमी किंवा लिननचा दोरा असे. प्रेसबटणं, झिप, यंत्रावरची लेस, हे सगळं त्याहून पुढचं. एक खूण उलट्या दिशेने काम करते. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात वजन वाढवण्यासाठी रेशमात कथिलाचे क्षार मुरवत, आणि असं रेशीम आपोआप तडकतं, त्याच्या चिंध्या होतात. म्हणून गाऊन शाबूत पण त्यावरची सजावट फाटलेली असं दिसलं, तर फाटलेली वस्तू जुनी असेल या समजुतीत राहू नका. तीच नंतर लावलेली असण्याचा संभव जास्त.

यानंतरचे हात फॅन्सी ड्रेसवाल्यांचे आणि चित्रकारांचे. जुने पोशाख जमवून मॉडेलच्या अंगावर चढवणारे चित्रकार होते. टॅलबट ह्यूज या चित्रकाराचा मोठा संग्रह लंडनच्या हॅरड्स या मोठ्या दुकानाने १९१३ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला दिला. अशा वाटेने आलेल्या कपड्यांवर घाईत घातलेले टाके आणि तात्पुरत्या टाचण्यांच्या खुणा सापडल्या तर नवल नाही.

पाचवी पायरी: कोणता टाका आधीचा?

खुणा गोळा झाल्या की त्यांचा क्रम लावायचा. नियम साधे आहेत. टाका ज्या घडीतून आरपार गेला आहे, ती घडी टाक्याच्या आधीची. डाग शिवणीवरून अखंड गेला असेल तर डाग शिवणीच्या नंतरचा. शिवणीशी येऊन तुटत असेल आणि पलीकडे जुळत नसेल तर आधीचा. घामाचा डाग काखेऐवजी भलत्याच जागी असेल, तर तो तुकडा पूर्वी काखेत होता.

इथे नवखे लोक एक चूक हमखास करतात: जोड दिसला की फेरशिवण ठरवून मोकळे होतात. मूळ गाऊनमध्येही जोड भरपूर असत. पन्हा अरुंद, कापड महाग, म्हणून बाहीच्या टोकाला, खांद्याखाली, घेराच्या कळीत छोटे तुकडे जोडलेले असतात, आणि त्यांत फूल उलटं पडलं तरी कुणी मनावर घेत नसे. नुसता जोड म्हणजे पुरावा नव्हे. जोडलेल्या तुकड्यावर सध्याच्या रचनेशी न जुळणारी सुईची भोकं किंवा जुनी घडी असेल, तरच तो दुसरीकडून उसवून आणलेला. किमान दोन स्वतंत्र खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवत नाहीत तोवर निष्कर्ष लिहू नका.

आणि काहीही उसवू नका. आतलं नीट दिसावं म्हणून नाही, मूळ रूप परत आणावं म्हणून तर अजिबातच नाही. नंतरच्या हातांनी गाऊन बिघडवला, असं कुणी म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं. १७८० ची शिवण ही १७४५ च्या शिवणीइतकीच खरी आहे. त्या बाईच्या हातात महागाचं, सुंदर, जुन्या चालीचं कापड होतं, आणि तिने ते आणखी एका पिढीच्या अंगावर चढवलं. उसवलं गेलं नसतं तर कदाचित ते रेशीम आपल्यापर्यंत पोचलंच नसतं. जुने कपडे मोलकरणींना देऊन टाकले जात, लंडनच्या मॉनमथ स्ट्रीटसारख्या जुन्या कपड्यांच्या बाजारात विकले जात आणि झिजून संपून जात.

सहावी पायरी: नोंद

आलेखकागदावर गाऊनची पुढची, मागची आणि आतली बाजू प्रमाणात काढा. काठ दुहेरी रेघेने, कापलेली कडा एकेरी रेघेने, रिकामी भोकं ठिपक्यांनी आणि जुन्या घड्या तुटक रेघेने दाखवा. प्रत्येक तुकड्यावर नक्षीची दिशा बाणाने दाखवायला विसरू नका. घरी आल्यावर सर्वांत जास्त आठवत नाही ते हेच. रंग तिथे भरू नका. घरी प्रत काढून तिच्यावर प्रत्येक टप्प्याला एक रंग द्या: विणकाम आणि पहिली शिवण, दुसरी शिवण, तिसरी, आणि ज्यांचा टप्पा ठरत नाही त्या खुणांना वेगळा रंग. हा शेवटचा रंग पुसून टाकायची घाई करू नका.

प्रत्येक नोंदीत ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. ‘डाव्या कुशीत कमरेशी आत दुमड आहे, टाके रेशमी दोऱ्याचे’ हे पहिल्या रकान्यात. ‘हूपसाठीची जादा लांबी असावी’ हे दुसऱ्यात. काम पूर्ण झालं की रेखाचित्रांची आणि दोन्ही रकान्यांची एक स्वच्छ प्रत संग्रहालयाला द्या. ती त्या गाऊनच्या फाइलीत लागली, तर पुढच्या अभ्यासकाला तीच भोकं मोजण्यासाठी तो पुन्हा उलटापालटा करावा लागणार नाही.